कपाटातला छोटा फ्लॅश बाहेर काढला, त्याची गोष्ट (आणि काही प्रश्न)

सावलीचोर | रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचनमात्र होतो. आज एक कबुली द्यायची आहे.

माझ्याकडे खिशात मावेल एवढा, स्वस्तातला म्हणावा असा मॅन्युअल फ्लॅश आहे. टीटीएल (म्हणजे कॅमेऱ्यानेच उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवणं) वगैरे काही नाही. डोकं फिरतं, मागे आठ बारके दिवे आणि कमी-जास्त करायची दोन बटणं, संपलं. घेतला तेव्हा हौसेने कॅमेऱ्यावर चढवला आणि घरातल्या सगळ्यांचे समोरून फोटो काढले. ते बघून घरच्यांनी एकमुखाने सांगितलं की असले फोटो ओळखपत्रावरसुद्धा नकोत. कपाळं चकाकतायत, नाकं सपाट, डोळे लाल, मागच्या भिंतीवर डोक्याला चिकटलेली काळीकुट्ट सावली. त्यानंतर तो दीडेक वर्ष कपाटात पडून होता. बॅटऱ्या आतच राहिल्या आणि त्यातली एक पाझरली, ते वेगळंच.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी आई पलंगाच्या कडेला बसून सुईत दोरा ओवत होती. टोक ओठांनी ओलं करायचं, चिमटीत पीळ द्यायचा, सुई उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा. हा फोटो मला कधीचा हवा होता. खोलीत एकच ट्यूब, तीही तिच्या पाठीमागे. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स, एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४००, तरी शटर १/३० सेकंदावर. चार फोटो काढले. चारांतही हात हललेला आणि चेहरा म्हणजे राखाडी गोळा.

मग कपाट आठवलं. आईची प्रतिक्रिया: "आणलास का परत तो चकचकाट?" या वेळी डोकं तिच्याकडे न रोखता डावीकडच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवलं. आयएसओ ८००, एफ/५.६, १/१२५, फ्लॅश अर्ध्या ताकदीवर. पहिल्या दोन फोटोंत अंदाज चुकला, तिसरा बसला.

पडद्यावर पाहिलं तर क्षणभर वाटलं, डावीकडे खिडकीच आहे. तिथे खिडकी नाही, कधीच नव्हती. उजेड एका गालावरून उतरत उतरत दुसऱ्या गालावर सावलीत विरघळत होता. पेरांवरच्या सुरकुत्या उठून आल्या होत्या. झूम केल्यावर सुईचं नेढं दिसलं: दोऱ्याचा एक तंतू आत गेलेला, दोन बाहेर फिसकटलेले. आणि हात एकदम स्थिर, खरं तर तो हलतच होता.

इतके दिवस मी त्या बिचाऱ्या डबीवर डूख धरून होतो. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. उजेड कुठून येतोय याचा मी विचारच केला नव्हता.

आता प्रश्न. भिंत बरी की छत? उन्हात याचा काही उपयोग? टीटीएलवाला घ्यावा का, की आहे त्यावर हात बसवावा? जाणकारांनी लिहाच, माझ्यासारख्या अजाणांनीही लिहा.


निवांत | रात्री ९:५८

लिहिलंय छान. पण एक शंका, हलकेच घ्या. आजकालचे कॅमेरे आयएसओ ६४०० ला सुद्धा स्वच्छ फोटो देतात, आणि नॉइज (फोटोतले दाणे) काढायची सॉफ्टवेअरं कमाल आहेत. मग हे लोढणं गळ्यात कशाला? मला फ्लॅशचा फोटो लगेच ओळखू येतो आणि खोटा वाटतो. आहे तो उजेड आहे तसा टिपावा या मताचा मी आहे.


सावलीचोर | रात्री १०:०५

निवांतराव, तुमचं मत मलाही कालपरवापर्यंत मान्य होतं. पण आयएसओ वाढवला की उजेड वाढल्यासारखा दिसतो, त्याची दिशा बदलत नाही. ट्यूब पाठीमागे असेल तर चेहरा सपाटच राहणार. दिवा डोक्यावर असेल तर डोळ्यांच्या खोबण्यांत अंधारच राहणार, फक्त जरा उजळ अंधार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

खिडकीचा उजेड असेल तर मीही फ्लॅशला हात लावणार नाही.


गणितवेडी | रात्री १०:३१

सावलीचोर, तुमचा 'तिसरा बसला' फोटो पहिल्याच झटक्यात बसवता येतो. आकडेमोड शाळेतली आहे, घाबरू नका.

प्रत्येक फ्लॅशला एक गाइड नंबर असतो. अंतर (मीटरमध्ये) गुणिले छिद्राचा एफ-आकडा म्हणजे गाइड नंबर, आयएसओ १०० ला. समजा तुमच्या डबीचा तो २० आहे. मग पूर्ण ताकदीवर ५ मीटरवरच्या माणसाला एफ/४ लागेल, अडीच मीटरवरच्याला एफ/८. आयएसओ चौपट केला की गाइड नंबर दुप्पट. ताकद चौथाई केली की निम्मा.

आता तुमचा फोटो. आयएसओ ८०० ला २० चे झाले साधारण ५६. अर्धी ताकद म्हणजे ५६ भागिले १.४, झाले ४०. फ्लॅशपासून भिंत आणि भिंतीपासून आई असा मिळून रस्ता साडेतीन मीटरचा धरू. ४० भागिले साडेतीन म्हणजे एफ/११ च्या आसपास. भिंत उजेड चहूकडे उधळते, थोडा खातेही. त्यापोटी दोन स्टॉप सोडून द्यायचे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एफ/११ वरून दोन स्टॉप उघडलं की एफ/५.६. तुम्ही तिथेच येऊन पोचलात!

एक सावधगिरी: खोक्यावर छापलेला गाइड नंबर बहुधा डोकं पूर्ण झूम केल्यावरचा असतो, म्हणजे १०५ किंवा २०० मिमीच्या अरुंद झोताचा. ३५ मिमीला तोच फ्लॅश बराच खाली येतो. म्हणून दोन फ्लॅशची तुलना करताना आकडा कुठल्या झूमचा आहे ते आधी बघा.

आणि खरी गंमत पुढे आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. समोरून मारलात तर १ मीटरवरच्या माणसाला जेवढा उजेड, त्याच्या सोळावा हिस्सा ४ मीटरवरच्या भिंतीला मिळतो. म्हणून माणूस पांढराफटक आणि मागची खोली विहिरीसारखी. भिंतीवरून उसळवलात तर उजेडाचा रस्ताच मुळात लांब होतो. माणूस साडेतीन मीटरवर, मागचं कपाट पाचावर. आता फरक जेमतेम एका स्टॉपचा. अख्खी खोली उजळल्यासारखी वाटते ती याचमुळे. ताकद जास्त खर्ची पडते, पण पदरात काय पडतं ते बघा.


टकमक | रात्री १०:४४

+१. वाचनखूण साठवली. गाइड नंबर म्हणजे नुसती जाहिरात असते असं मी इतकी वर्षं समजत होते.


बावळट_प्रश्न | रात्री १०:५०

इथे विचारू की वेगळा धागा काढू कळत नाही. कालच भावाचा फ्लॅश आणून लावला. फोटोचा खालचा अर्धा भाग पूर्ण काळा येतोय, वरचा बरोबर. फ्लॅश बिघडलाय का? भावाला अजून सांगितलेलं नाही.


जुनाट_लेन्स | रात्री ११:०२

बिघडलेला नाही, भावाला सांगूही नका. शटर किती ठेवलं होतं? १/५०० वगैरे असणार.

कॅमेऱ्यात सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला सरकतो नि सेन्सर उघडा पडतो, दुसरा मागोमाग येऊन झाकतो. १/२०० किंवा १/२५० पर्यंत (काही कॅमेऱ्यांत १/१६०) मध्ये एक क्षण असा येतो की सेन्सर पूर्ण उघडा असतो, आणि फ्लॅश नेमका तेव्हा उडतो. त्यापेक्षा वेगाने गेलात की पहिला पडदा पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो. म्हणजे नुसती एक फट सरकत जाते. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आगेमागे संपतो; त्या वेळी फट जिथे असेल तेवढाच पट्टा उजळतो. बाकी काळं. या मर्यादेला सिंक स्पीड म्हणतात, कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत दिलेली असते.

आमच्या कापडी पडद्यांच्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/६० असायची आणि डायलवर तो आकडा वेगळ्या रंगात रंगवलेला असायचा, माझ्यासारख्या विसरभोळ्यांसाठी. काही कॅमेऱ्यांत शटर लेन्समध्येच असतं, पाकळ्यांचं; त्यांना ही अडचण फारशी येत नाही.

हाय स्पीड सिंक नावाची सोय काही फ्लॅशमध्ये असते. त्यात एका लखलखाटाऐवजी बारीक बारीक ठिणग्यांची माळ उडवतात, म्हणजे फट सरकत असताना सतत उजेड मिळतो. पण ताकद फार खर्ची पडते, छोट्या डबीचा त्यात जीव जातो.

अजून एक. सायलेंट मोडमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर, बहुतेक कॅमेरे फ्लॅश उडवतच नाहीत. पुढचा प्रश्न तो येणार हे ठाऊक आहे म्हणून आधीच लिहून ठेवतो.


बावळट_प्रश्न | रात्री ११:०९

१/६४० होतं. १/१६० केलं, पूर्ण फोटो आला. काका, दंडवत.

पण मग एक कळलं नाही. १/१२५ ला सावलीचोर यांच्या आईचा हात स्थिर कसा आला?


जुनाट_लेन्स | रात्री ११:२०

प्रश्न बावळट अजिबात नाही. अंधाऱ्या खोलीत १/१२५ भर शटर उघडं असलं तरी सेन्सरवर पडणारा उजेड जवळजवळ सगळा फ्लॅशचाच असतो. म्हणजे फोटो खऱ्या अर्थाने त्या लखलखाटापुरताच निघतो. हात गोठवतो तो फ्लॅश. शटर नुसतं दार उघडून उभं असतं. एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकापासून याच जोरावर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी टिपल्या. दुधाचा थेंब पडून उठलेला तो मुकुट (१९५७) सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो.

यातली मखलाशी अशी की स्वस्तातल्या फ्लॅशमध्येही ताकद कमी करतात ती लखलखाट मध्येच तोडून. म्हणजे १/१ पेक्षा १/१६ ला लखलखाट कितीतरी आखूड. ताकद जेवढी कमी तेवढी हालचाल जास्त गोठते. हे ऐकून पोरंटोरं उलट समजतात.


चतुर | रात्री ११:३६

काकांनी माझ्या आवडत्या जागी आणून सोडलं. मी किडे-कोळ्यांचे फोटो काढतो. तिथे छोटा फ्लॅश तडजोड म्हणून वापरत नाही. मोठा मिळाला तरी मी छोटाच घेईन.

एफ/११ शिवाय किड्याचे डोळे आणि पाय एकदम फोकसमध्ये येत नाहीत. एफ/११ ला पानाखालच्या सावलीत उजेड कुठला असायला? पण फ्लॅश किड्यापासून वीतभर अंतरावर असतो, त्यामुळे १/१६ किंवा १/३२ ताकद पुरते. लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास आला की वारा, किड्याची चुळबुळ, माझ्या हाताचा कंप, सगळं माफ. बॅटऱ्याही दिवसभर पुरतात.

उजेड मऊ करण्याबद्दल. उजेडाची मऊ-कडकपणाची मोजणी उगमाच्या आकारावर होते, पण तो आकार विषयाच्या जागेवरून बघायचा. सूर्य केवढा अवाढव्य, पण इतका लांब की आपल्याला टिकलीएवढा दिसतो, म्हणून ऊन कडक. माझ्या डबीसमोर मी ट्रेसिंग पेपरचा तळहाताएवढा पडदा वाकवून लावतो. माणसाच्या पोर्ट्रेटला तो काडीचा उपयोगी नाही. पण उडी मारणाऱ्या कोळ्यापासून चार बोटांवर तो पडदा म्हणजे त्याच्यासाठी अख्खं आभाळ. त्याच्या पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांत त्या पडद्याचं प्रतिबिंब पडतं. पहिल्यांदा पडदा चौकोनी होता, तर कोळ्याच्या डोळ्यांत दोन चौकोनी खिडक्या! आता कडा गोल कापून घेतल्यात.

यावरून आठवलं: फ्लॅशच्या डोक्यावर बसवायची ती पांढरी प्लास्टिकची टोपी. खोलीत ती उजेड चहूकडे फेकते, भिंती-छतावरून तो परत येतो, ठीक. मोकळ्या मैदानात ती लावून फिरणारे बघितले की वाईट वाटतं. तिथे उजेड परतवायला काहीच नसतं. आकार होता तेवढाच राहतो, वर अर्धी ताकद आभाळात जाते.


निवांत | रात्री ११:४१

कोळी बघायला आवडेल. मत अजून बदललेलं नाही, पण वाचतोय.


उंबरठा | सकाळी ७:१२

सावलीचोर यांच्या 'भिंत की छत'ला कोणी हातच लावला नाही. मी घरगुती समारंभांत बरेच फोटो काढते, माझा अनुभव सांगते.

छत सोपं, कारण ते बहुधा पांढरं असतं आणि वाटेत कोणी उभं नसतं. पण माणूस जवळ असताना डोकं सरळ वर केलंत तर उजेड त्याच्या टाळूवर पडतो, डोळे आणि हनुवटीखाली अंधार. दुपारच्या उन्हासारखंच. त्यावर दोन उपाय. एक, डोकं थोडं मागे, स्वतःच्या खांद्यावरून मागच्या छताकडे रोखायचं. उजेड लांबून, तिरका येतो. दुसरा, डोक्याच्या मागे पांढऱ्या जाड कागदाचा तुकडा रबरबँडने बांधायचा, दोन बोटं वर डोकावेल असा. थोडा उजेड सरळ पुढे येतो आणि डोळ्यांत तो छोटा पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका नसला तर डोळे मेल्यासारखे दिसतात.

भिंत जास्त देखणी. एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, चेहऱ्याला घडण येते. पण भिंतीच्या आणि तुमच्या मध्ये कोणी येऊन उभं राहिलं तर त्याच्या शर्टाला मस्त उजेड मिळतो, बाकी सगळे अंधारात. शिवाय डोक्याचं झूम आपोआप बदलत असेल तर ते हाताने रुंद करा, नाहीतर भिंतीवर उजेडाचं तबक पडतं, भिंत उजळत नाही.

चष्मेवाल्यांसाठी: उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. बाजूच्या भिंतीवरून आला की काचेवरचा पांढरा डाग बहुतेक वेळा निघून जातो. उरला तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलायच्या, काचा जराशा खाली झुकतात, फोटोत कळत नाही.

आणि तान्ह्या बाळाच्या किंवा मांजराच्या तोंडासमोर नको हो. भिंतीवर मारा, दोघंही दचकत नाहीत. नाटकाच्या प्रयोगात, संग्रहालयात वगैरे तर खिशातूनच काढू नका.


टकमक | सकाळी ८:०५

माझी खोली फिकट हिरवी आहे. काल रात्री हे सगळं वाचून उत्साहाने भिंतीवर फ्लॅश मारला. नवरा कावीळ झाल्यासारखा दिसतोय. हिरवी कावीळ.


उंबरठा | सकाळी ८:२०

भिंतीचा रंग उजेडाला लागतो, त्याला इलाज भिंत बदलणे. छत पांढरं असेल तर तिकडे मारा, नाहीतर पांढरी चादर टांगा.

याचंच भावंड म्हणजे पिवळ्या दिव्यांचं प्रकरण. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, दुपारच्या उन्हासारखा. साधा पिवळा बल्ब २८०० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की एकतर माणूस नीट आणि मागची खोली नारिंगी, नाहीतर खोली नीट आणि माणूस निळा. कॉम्प्युटरवर पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) कितीही ओढा, दोन रंगांच्या उजेडांना एकच दुरुस्ती लागू पडत नाही. नाटकवाले दिव्यांना लावतात तसला नारिंगी जिलेटिनचा तुकडा फ्लॅशच्या काचेवर चिकटवायचा आणि कॅमेरा बल्बच्या सेटिंगवर ठेवायचा. दोन्ही उजेड एका जातीचे झाले की मग शटर १/३० पर्यंत खाली आणून खोलीतला खरा उजेडही आत घेता येतो. फ्लॅशच्या उजेडावर शटरचा परिणाम नाही, मागच्या दिव्यांवर आहे. हे एक वाक्य मला समजायला दोन वर्षं लागली.


बावळट_प्रश्न | सकाळी ९:४०

माळ्यावर बाबांचा फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश सापडला. ठोकळा आहे, पण चालू होतो, शिट्टीसारखा आवाजही करतो. लावू का?


जुनाट_लेन्स | सकाळी ९:४४

थांबा! लावला नसेलच तर लावू नका.

जुन्या फ्लॅशच्या पायाच्या मधल्या टोकावर २०० व्होल्टच्या वर दाब असू शकतो. तेव्हाच्या कॅमेऱ्यांत पत्र्याचे साधे संपर्क होते, त्यांना चालायचं. आताच्यांत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स. फ्लॅश चार्ज करून मल्टिमीटरने मधलं टोक आणि पायाच्या कडेची पट्टी यांच्यामधला दाब मोजा. पाच-सहा व्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. जास्त निघाला तर कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत काय चालतं ते बघा, आणि शंका असेल तर कॅमेऱ्यावर चढवूच नका. स्वतंत्र ऑप्टिकल स्लेव्हवर (दुसऱ्या फ्लॅशचा लखलखाट बघून आपला फ्लॅश उडवणाऱ्या जोडणीवर) चालवता येईल, तिथे कॅमेऱ्याशी तारेचा संबंधच नाही. स्लेव्हला किती दाब सोसतो तेवढं बघून घ्या.

आणि उघडून बघायचा मोह अजिबात नको. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो. मला तरुणपणी बसलाय. पेचकस खोलीच्या दुसऱ्या टोकाला सापडला होता.


काठावरचा | सकाळी १०:३०

खरेदीबद्दल माझे दोन शब्द. नवीन स्वस्त फ्लॅश घेताना तो आपल्या कॅमेऱ्याच्या बुटाला (वरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेला) जुळतो का ते आधी बघा. एक मधलं टोक असलेला मॅन्युअल फ्लॅश बहुतेक कुठल्याही कॅमेऱ्यावर उडतो, पण सुरुवातीच्या पातळीवरच्या काही कॅमेऱ्यांत बुटातला मधला संपर्कच काढून टाकलेला असतो. तिथे असा फ्लॅश मेला तरी उडत नाही. मी फ्लॅश परत करून दुसरा मागवला, तोही उडेना, मग कॅमेऱ्याकडे बघायची बुद्धी झाली.

फिरणारं डोकं हवंच. वर-खालीच नाही, डावी-उजवीकडेही. बाकी काही नसलं तरी चालेल.

टीटीएल: पळणाऱ्या पोरांमागे धावायचं असेल, अंतर सारखं बदलत असेल तर घ्या. पण ते आधी एक बारीक लखलखाट करून परत आलेला उजेड मोजतं. समोर काळा कोट असला की जास्त मारतं, पांढरा सदरा असला की हात आखडतं. त्या आधीच्या लखलखाटाने काहींच्या पापण्या मिटतात, ते निराळं. टेबलावरची वस्तू, बसलेला माणूस, किडा, इथे मॅन्युअलच बरं. एकदा जमलं की पन्नास फोटो सारखे येतात.


गणितवेडी | सकाळी १०:५२

उन्हाचं राहिलंच होतं. भर उन्हात आयएसओ १००, १/२०० ला एफ/११ लागतो. गाइड नंबर २० असेल तर २० भागिले ११, म्हणजे १.८ मीटरवर पूर्ण ताकदीत तुमची डबी उन्हाच्या बरोबरीला येते. पण बरोबरी नकोच आहे. टोपीच्या सावलीतले डोळे दिसावेत एवढ्यापुरता उजेड हवा, उन्हापेक्षा एक-दोन स्टॉप कमी. म्हणजे त्याच अंतरावर अर्धी किंवा चौथाई ताकद पुरे. आणि इथे मात्र सरळ समोरून मारला तरी चालतो; सावल्या उन्हाने आधीच पाडलेल्या असतात, फ्लॅश त्या नुसत्या सौम्य करतो.


चतुर | सकाळी ११:१५

अवांतर, बॅटऱ्या. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडच घ्या. अंगावर १.२ व्होल्ट लिहिलेले बघून लोक नाक मुरडतात, पण त्यांचा आतला अवरोध कमी, त्यामुळे भसकन वीज देतात आणि फ्लॅश १.५ व्होल्टच्या अल्कलाइनपेक्षा लवकर तयार होतो. पूर्ण ताकदीवर लागोपाठ वीस-पंचवीस मारू नका, डोकं तापतं. आणि सावलीचोर, ठेवताना बॅटऱ्या काढून ठेवत जा!


सावलीचोर | दुपारी १:०२

पाझरलेल्या बॅटरीवरून अजून किती ऐकायचंय? भावना पोचल्या.

आज सकाळी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून पुस्तकांच्या फळीवर ठेवला, स्लेव्हवर, कॅमेऱ्यातल्याच पॉप-अप फ्लॅशची ताकद सगळ्यात कमी करून त्याने उडवला. पहिल्यांदा फ्लॅश उडला पण फोटोत दिसेना. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं: पॉप-अप आधी मोजणीचा लखलखाट करतो आणि माझा शहाणा त्यालाच भुलून आधीच उडून मोकळा. एस१ वरून एस२ वर टाकला, मग दुसऱ्या लखलखाटाची वाट बघायला लागला.


निवांत | दुपारी १:३०

एक विचारू? पक्षात जातोय असं समजू नका. खिशात मावणारा, डोकं डावी-उजवीकडे फिरणारा, पाच-सहा वर्षांपूर्वीचा असला तरी चालेल. कोणी विकतंय का?


टकमक | दुपारी ३:४८

चादरीचा प्रयोग झाला. हिरव्या भिंतीवर टांगायला खिळा नव्हता म्हणून धाकटीला पांढरी चादर दोन्ही हातांनी ताणून उभं केलं. नवऱ्याचा रंग परत आला, गालावर ती सावलीही आली, डोळ्यांत पांढरा ठिपकासुद्धा. अकरा फोटो काढले. ठिपका मोठा करून बघितला तर त्यात चादर दिसते, आणि चादरीच्या वर धाकटीची दोन बोटं आणि अर्धं वैतागलेलं डोकं.

तिचे हात भरून आलेत. तिचं म्हणणं, एवढ्या वेळात भिंत रंगवून झाली असती.